संग्रहालये बोलू लागतील, पण कोणाच्या शब्दांत?

आभासी सहायकांचा वऱ्हाडातील संग्रहालयांना होऊ शकणारा उपयोग, त्यासाठी लागणारी तयारी आणि घ्यावयाची काळजी

विशेष प्रतिनिधी, अमरावती/अकोला

संग्रहालयातील वस्तूजवळ लावलेली पाटी साधारणतः दोन-तीन ओळींची असते. वस्तूचे नाव, तिचा काळ, सापडल्याचे ठिकाण आणि झालेच तर धातूचा किंवा दगडाचा प्रकार, एवढे तीत मावते. पाहणाऱ्याच्या मनातील प्रश्न मात्र त्या ओळींपाशी थांबत नाहीत. अकोला जिल्ह्यातील दहीहंडा येथे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला, हे पाटीवर लिहिता येते. समुद्र शेकडो मैल दूर असताना तेथे मीठ आले कोठून, हा शाळकरी मुलाचा पहिला प्रश्न मात्र अनुत्तरितच राहतो. त्याचे उत्तर पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे. या पट्ट्यातील विहिरींना खारे पाणी लागते आणि त्याच पाण्याने वऱ्हाडला सत्याग्रहासाठी मीठ पुरविले. पाटी आणि प्रश्न यांच्यामधील ही दरी भरून काढण्याचे काम जगातील काही संग्रहालये गेल्या दोन दशकांपासून आभासी सहायकांकडे सोपवीत आहेत. वऱ्हाडसारख्या प्रदेशात, जेथे वारसा मोठा आणि तो समजावून सांगणारे मनुष्यबळ तोकडे आहे, तेथे या साधनाचा विचार गांभीर्याने व्हावयास हवा.

आभासी सहायक म्हणजे काय?

आभासी सहायक म्हणजे माणसाच्या भाषेत विचारलेला प्रश्न समजून घेऊन त्याच भाषेत उत्तर देणारी संगणकप्रणाली. ती संग्रहालयातील पडद्यावर असू शकते, भ्रमणध्वनीवर असू शकते किंवा साध्या दूरध्वनी क्रमांकावरही असू शकते. कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलायझा’ ही संभाषण करणारी प्रणाली जगापुढे मांडली होती. संग्रहालयांपुरते बोलायचे तर अ‍ॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयाने १९५२ मध्येच प्रेक्षकांच्या कानाला ध्वनिमार्गदर्शक लावले होते. त्यात सोय एकतर्फी होती. यंत्र बोलत असे आणि माणूस ऐकत असे. आभासी सहायकात माणसाला विचारण्याची मुभा मिळाली.

आज वापरात असलेल्या सहायकांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात प्रश्न आणि उत्तरे आधीच ठरलेली असतात आणि प्रेक्षक यादीतून निवड करतो. दुसऱ्या प्रकारात प्रेक्षक आपल्या शब्दांत प्रश्न विचारतो. प्रणाली त्यातील शब्द ओळखून साठ्यातील सर्वांत जवळचे उत्तर देते. तिसरा प्रकार अलीकडचा आहे. ‘चॅटजीपीटी’ ही सेवा नोव्हेंबर २०२२ मध्ये खुली झाल्यापासून प्रचंड मजकुरावर घडवलेली भाषिक प्रारूपे सर्वपरिचित झाली. ही प्रारूपे उत्तर साठ्यातून उचलत नाहीत, ती वाक्ये नव्याने रचतात. त्यामुळे उत्तर ओघवते होते. मात्र ते खरे असेलच याची हमी राहत नाही. यावर तंत्रज्ञांनी काढलेला तोडगा असा, की यंत्राने आधी संग्रहालयाच्या स्वतःच्या कागदपत्रांतून प्रश्नाशी जुळणारे उतारे शोधावेत, त्या उताऱ्यांपुरतेच उत्तर रचावे आणि उतारा न मिळाल्यास ‘याची नोंद संग्रहालयाकडे नाही’ असे स्पष्ट सांगावे. संग्रहालयांच्या दृष्टीने हाच मार्ग सर्वांत सुरक्षित मानावा लागेल.

जगातील वाटचाल

जर्मनीतील पाडरबॉर्न येथे हाइंझ निक्सडॉर्फ म्युझियम्सफोरम हे संगणकाचे मोठे संग्रहालय आहे. तेथे जानेवारी २००४ पासून ‘मॅक्स’ नावाचा आभासी मार्गदर्शक पडद्यावर उभा राहून प्रेक्षकांशी बोलू लागला. प्रेक्षकांनी प्रश्न बोलून विचारावयाचे नव्हते, कळफलकावर टंकलिखित करावयाचे होते. कारण दालनातील गोंगाटात यंत्राला बोलणे समजत नसे. लोक मॅक्सला नमस्कार करीत, निरोप घेत, त्याची थट्टा करीत आणि त्याला किती कळते याची परीक्षाही पाहत, असे त्याच्या निर्मात्यांना आढळून आले. यंत्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक केवळ माहिती मागत नाही, तो गप्पाही मारतो, हा धडा तेव्हाच मिळाला.

अमेरिकेत बोस्टनच्या विज्ञान संग्रहालयात डिसेंबर २००९ मध्ये ‘एडा’ आणि ‘ग्रेस’ या जुळ्या आभासी मार्गदर्शिका आल्या. एडा लव्हलेस आणि ग्रेस हॉपर या संगणकशास्त्रातील दोन विदुषींची नावे त्यांना देण्यात आली होती. आरंभी त्यांना प्रश्न विचारण्याचे काम संग्रहालयाचे कर्मचारीच करीत. मुलांचे आवाज आणि गर्दीचा कोलाहल यातून प्रश्न ओळखणे त्यावेळच्या यंत्रांना जड जात होते. प्रेक्षकांना थेट बोलू देण्याची व्यवस्था पुढे करण्यात आली.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २०१५ मध्ये निराळाच मार्ग धरला. तेथील भ्रमणध्वनी सेवेत प्रेक्षकाने विचारलेल्या प्रश्नाला यंत्राऐवजी कलेतिहासाचे जाणकार तत्काळ लेखी उत्तर देत. सॅन फ्रान्सिस्को येथील आधुनिक कला संग्रहालयाने २०१७ मध्ये लघुसंदेशाची साधी सेवा सुरू केली. ‘मला समुद्र दाखवा’ अशा आशयाचा संदेश पाठवला, की संग्रहातील एखाद्या चित्राची प्रतिमा उत्तरादाखल येई. संग्रहातील जेमतेम पाच टक्के कलाकृती दालनात मांडता येतात, उरलेल्या कोठारात राहतात, ही अडचण त्या सेवेच्या मुळाशी होती. त्याच वर्षी ब्राझीलमधील साओ पाउलोच्या पिनाकोतेका संग्रहालयात चित्राला बोलून प्रश्न विचारण्याची सोय झाली.

कोठारात पडून राहणाऱ्या वस्तूंची अडचण आपल्याकडेही आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू असल्या, तरी प्रत्यक्ष मांडणीत त्यातील लहानसा हिस्साच असतो. दालन वाढवणे खर्चाचे असते. कोठारातील वस्तूंची माहिती लोकांपर्यंत पोहोचवणे त्या मानाने स्वस्त पडते.

वऱ्हाडचा विखुरलेला वारसा

वऱ्हाडचा इतिहास एका छपराखाली नाही. त्याला राजकीय कारणही आहे. हा प्रदेश १८५३ मध्ये निजामाकडून ब्रिटिशांच्या कारभाराखाली गेला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. प्रत्येक स्थित्यंतरात कारभाराचे केंद्र बदलले आणि कागदपत्रे व वस्तू त्या त्या केंद्राकडे वळत गेल्या. विदर्भातील सर्वांत जुने शासकीय संग्रहालय, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ म्हणून असलेले मध्यवर्ती संग्रहालय, १८६३ मध्ये नागपुरात स्थापन झाले. पश्चिम विदर्भातील विद्यार्थ्याला आपल्याच मुलखातील पुरावशेष पाहण्यासाठी पूर्वेकडे जावे लागते, ते यामुळेच.

जे वऱ्हाडात आहे तेही दूरदूर पसरलेले आहे. अकोला जिल्ह्यात नरनाळ्याचा किल्ला आणि त्याचा कोरीव महाकाली दरवाजा, पातूरची लेणी, बार्शीटाकळीचे यादवकालीन मंदिर, बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. अमरावती जिल्ह्यात वेलस्लीच्या फौजांनी डिसेंबर १८०३ मध्ये जिंकलेला गाविलगड, इमादशाहीची राजधानी राहिलेले अचलपूर, महानुभाव पंथाचे रिद्धपूर, वर्धा नदीकाठचे कौंडिण्यपूर आणि मेळघाटात सेमाडोहचे निसर्ग निर्वचन केंद्र आहे. अमरावतीत १८९७ मध्ये सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. गाडगे महाराज, तुकडोजी महाराज, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या स्मृती जपणारी स्थाने याच जिल्ह्यात आहेत. अकोल्यात १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे.

या सर्व ठिकाणी पूर्णवेळ, जाणकार आणि बहुभाषक मार्गदर्शक नेमणे कोणत्याही एका संस्थेच्या आवाक्यातील गोष्ट नाही. सामायिक आभासी सहायक मात्र एकदा घडवला, की तो नरनाळ्याच्या पायथ्याशी आणि अमरावतीच्या महाविद्यालयात एकाच वेळी उत्तर देऊ शकतो. गाविलगड पाहणाऱ्याने इमादशाहीविषयी विचारले तर तो त्याला अचलपूरला पाठवू शकतो. विखुरलेल्या वस्तूंना जोडणारा धागा, हा वऱ्हाडच्या दृष्टीने या साधनाचा पहिला आणि सर्वांत मोठा लाभ होय.

एका ताम्रपटाचे उदाहरण

अचलपूरजवळील चम्मक या गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. जे. एफ. फ्लीट यांनी तो १८८८ च्या आपल्या ग्रंथात प्रसिद्ध केला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वाकाटक लेखांच्या बृहद्ग्रंथात त्याचा समावेश केला. भोजकट राज्यातील, मधुनदीच्या काठचे चर्मांक हे गाव एक हजार ब्राह्मणांना दान दिल्याचा मजकूर त्यात आहे. पाटीवर एवढे येईल. परंतु याच ताम्रपटात एक विलक्षण अट घातलेली आहे. दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. तसे वागल्यास राजाने गाव परत घेतले तरी ती चोरी ठरणार नाही.

शाळेतील मुलगा विचारील, ‘मधुनदी कोणती?’ वकील विचारील, ‘अट मोडल्यास काय?’ शेतकरी विचारील, ‘गावात आधीपासून राहणाऱ्यांचे काय झाले?’ भाषेचा अभ्यासक अक्षरांच्या माथ्यावरील चौकोनी पेट्यांविषयी विचारील. चौघांनाही एकच पाटी पुरणार नाही. सहायकाकडे मूळ लेख, त्याचे भाषांतर आणि संशोधकांच्या टिपा असतील, तर तो प्रत्येकाला त्याच्या जिज्ञासेनुसार आणि वयानुसार उत्तर देऊ शकेल. वस्तू नागपुरात वा अन्यत्र असली, तरी तिची कथा चम्मकच्या शाळेत ऐकता येईल.

प्रेक्षकांना आणि संग्रहालयाला काय मिळते?

दृष्टिहीन प्रेक्षकाला वस्तूचे वर्णन ऐकता येते. लिहिता-वाचता न येणाऱ्याला पाटीवाचून अडत नाही. एकच उत्तर मराठी, हिंदी, उर्दू वा इंग्रजीत देता येते. बाळापूर आणि अचलपूर येथील फारसी शिलालेख पाहणाऱ्यांत उर्दू भाषक मोठ्या संख्येने असतात, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. शाळेची सहल येण्यापूर्वी शिक्षकांना तयारी करता येते. वेळा, तिकीट, वाट, वाहनतळ अशा नित्याच्या चौकशांचा भार कर्मचाऱ्यांवरून उतरतो.

संग्रहालयाला होणारा लाभ याहून महत्त्वाचा आहे. सहायकाला विचारलेला प्रत्येक प्रश्न नोंदला जातो. महिनाअखेर ही नोंद चाळली, तर कोणत्या वस्तूपुढे लोक थबकतात, कोणती पाटी कोणालाच समजत नाही, कोणत्या विषयावर माहितीच उपलब्ध नाही, हे अभिरक्षकाला कळते. अभिप्राय वहीत ‘छान आहे’ यापलीकडे फारसे काही सापडत नाही. प्रश्नांची वही मात्र पुढील मांडणीचा आराखडाच देते. ज्या प्रश्नाला यंत्राने ‘नोंद नाही’ असे उत्तर दिले, तो प्रश्न संशोधकासाठी कामाची सुरुवात ठरतो.

वऱ्हाडात आणखी एका प्रकारचा प्रश्न हमखास येईल: शेत नांगरताना जुनी नाणी सापडली तर काय करावे? १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांपेक्षा अधिक मूल्याचे गुप्तधन सापडल्यास त्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. पुष्कळांना हे ठाऊक नसते आणि नाणी सोनाराच्या मुशीत जातात. अशा वेळी योग्य उत्तर गावातच, भ्रमणध्वनीवर मिळाले, तर एखादा ठेवा वितळण्यापासून वाचू शकेल.

वऱ्हाडी आणि कोरकू

२०११ च्या जनगणनेनुसार मराठी ही ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने तिला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. यंत्रांना समजणारी मराठी मात्र मुख्यत्वे छापील, प्रमाण मराठी असते. कापसाच्या झाडाला येथे ‘पऱ्हाटी’ म्हणतात, शेताला ‘वावर’ म्हणतात, ‘का’ याऐवजी ‘काऊन’ विचारतात. ‘हे काऊन ठेवलं इथं?’ असे एखाद्या आजीने विचारले आणि यंत्र गप्प राहिले, तर ते यंत्र वऱ्हाडसाठी घडलेले नाही, असेच म्हणावे लागेल. तिफण, डवरा, वखर, मोट, सरकी, रुई, ढेप हे शब्द येथील कृषिजीवनाचे आहेत आणि त्यांपैकी काही वस्तूंसह अस्तंगत होत आहेत. एखादे कृषी संग्रहालय आभासी सहायक घडवू लागले, तर पहिले काम या शब्दांचे उच्चार आणि अर्थ जुन्या माणसांकडून ध्वनिमुद्रित करून घेण्याचे असेल.

मेळघाटातील कोरकू भाषेचा प्रश्न अधिक अवघड आहे. ही भाषा मुंडा कुळातील असून मराठी-हिंदीशी तिचे नाते नाही. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे ७ लाख २७ हजार भाषक नोंदले गेले. तिचा छापील मजकूर थोडा आहे आणि यंत्राला शिकवण्याइतका तर नाहीच. केंद्र शासनाचा ‘भाषिणी’ हा भारतीय भाषांसाठीचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला आणि प्रयागराजच्या २०२५ मधील महाकुंभात त्याच्या आधारे अकरा भाषांत उत्तरे देणारा सहायक यात्रेकरूंच्या हाती आला. परंतु अशा प्रकल्पांचा भर स्वाभाविकपणे आठव्या अनुसूचीतील भाषांवर असतो आणि कोरकू त्या अनुसूचीत नाही. कोरकूंचे लाकडी स्मृतिस्तंभ दाखवणाऱ्या दालनात यंत्राने कृत्रिम कोरकू बोलण्यापेक्षा कोरकू माणसांनीच स्वतःच्या आवाजात दिलेली, आधी मुद्रित केलेली उत्तरे ऐकवणे अधिक योग्य ठरेल. नाझी अत्याचारांतून वाचलेल्यांच्या मुलाखती अमेरिकेतील शोआ फाउंडेशनने याच पद्धतीने जतन केल्या आहेत. प्रश्न नवा असतो, उत्तर मात्र त्या व्यक्तीनेच पूर्वी दिलेले असते.

चुकीच्या उत्तराचा धोका

पाटीवरील चूक दिसते आणि दुरुस्त करता येते. यंत्राची चूक एका प्रेक्षकाच्या कानात जाऊन विरते. ती कोणाच्या लक्षातही येत नाही. संग्रहालयाच्या छताखाली ऐकलेले मात्र माणूस खरे मानतो. म्हणून येथील चूक बाजारातील अफवेपेक्षा घातक ठरते.

वऱ्हाडला एक खास धोका संभवतो. ‘अमरावतीची शिल्पे’ म्हटले, की जगभरातील ग्रंथांत आंध्र प्रदेशातील कृष्णाकाठच्या अमरावतीच्या बौद्ध स्तूपाची शिल्पे अभिप्रेत असतात. ती लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आणि चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात आहेत. इंटरनेटवरील मजकुरावर पोसलेले यंत्र अंबादेवीच्या अमरावतीबद्दल विचारले असता कृष्णाकाठचा स्तूप सांगू लागले, तर त्यात नवल नाही. अकोला आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले यांचीही अशीच गल्लत होऊ शकते. स्थानिक कागदपत्रांच्या चौकटीत यंत्राला बांधून ठेवणे यासाठीच आवश्यक आहे.

दुसरा प्रश्न परंपरा आणि पुरावा यांच्या सीमारेषेचा आहे. कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, ही श्रद्धा वऱ्हाडात खोल रुजलेली आहे आणि तेथून पंढरपूरला पालखीही जाते. त्याच ठिकाणी मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात प्राचीन वस्तीचे थर उघड झाले आणि त्यांचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. सहायकाने दोन्ही सांगावे, पण ‘परंपरा असे मानते’ आणि ‘उत्खननात असे आढळले’ ही दोन वाक्ये कधीही एकमेकांत मिसळू नयेत. श्रद्धेची टिंगल आणि पुराव्याची ओढाताण, दोन्ही टाळण्याचा तोच मार्ग आहे.

तिसरा प्रश्न वाचनाचा. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते रिद्धपुरात. महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत जतन केले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे प्रभृतींच्या प्रयत्नांनी त्या लिपीचा उलगडा बाहेरच्या अभ्यासकांना झाला. अशी पोथी यंत्रासमोर ठेवली, तर ते वाचल्याचा आव आणू शकते. रिद्धपूर येथे आता मराठी भाषा विद्यापीठ आकार घेत आहे. पोथ्यांचे जाणकारांनी तपासलेले लिप्यंतर आधी आणि यंत्र नंतर, असा क्रम तेथे ठरला, तर तो इतरांनाही आदर्श होईल.

संतांच्या तोंडी शब्द घालावेत काय?

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात २०२३ मध्ये चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याची बोलकी आभासी प्रतिमा ठेवण्यात आली होती. त्याच्या शेकडो पत्रांच्या आधारे ती घडवली होती. पुष्कळ प्रेक्षकांनी तिला त्याच्या आत्महत्येविषयीच विचारले, आणि अशा प्रश्नांना काय उत्तर द्यावे हे घडवणाऱ्यांना काळजीपूर्वक ठरवावे लागले.

उद्या वऱ्हाडात कोणी गाडगे महाराजांची बोलकी प्रतिमा उभारण्याचा विचार करील. कल्पना मोहक आहे. महाराजांचे कीर्तनच मुळी प्रश्नोत्तरांचे असे. श्रोत्यांना प्रश्न विचारायचा, त्यांच्याच तोंडून उत्तर वदवून घ्यायचे, ही त्यांची रीत होती. परंतु व्हॅन गॉगने पत्रे लिहिली होती. डिसेंबर १९५६ मध्ये वलगावजवळ देह ठेवणारे गाडगे महाराज निरक्षर होते. त्यांनी स्वहस्ते काही लिहून ठेवले नाही. त्यांच्या नावे यंत्र जे नवे बोलेल ते त्यांचे असणार नाही. त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण मिळते, ते ऐकवावे. त्यांच्या वस्तूंची माहिती तृतीयपुरुषी द्यावी. ‘मी गाडगेबाबा बोलतो’ असे यंत्राकडून वदवू नये. ज्यांनी आयुष्यभर ढोंगावर प्रहार केले, त्यांच्या बाबतीत हा विवेक अधिकच पाळावयास हवा.

आधी नोंदवही, मग यंत्र

सहायक जितका चांगला, तितकीच त्यामागची नोंद चांगली असावी लागते. प्रत्येक वस्तूला दाखल क्रमांक, छायाचित्र, मापे, सापडल्याचे ठिकाण, कोणी व केव्हा दिली, यापूर्वी कोठे प्रसिद्ध झाली, एवढे किमान तपशील हवेत. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांच्या नोंदींसाठी ‘जतन’ ही संगणकप्रणाली तयार केली असून केंद्राच्या अखत्यारीतील संग्रहालयांचे संग्रह तिच्या आधारे संकेतस्थळावर आले आहेत. लहान संस्थेला एवढे झेपत नसेल, तर साध्या तक्त्यापासूनही आरंभ करता येतो. नोंदवही नीट नसताना घेतलेले यंत्र उद्घाटनाच्या दिवशी बोलते आणि नंतर धूळ खाते.

साधनही परिसराला साजेसे हवे. मेळघाटात अनेक ठिकाणी जाळे मिळत नाही, वीज जाते. तेथे इंटरनेटशिवाय चालणारे, उत्तरे स्वतःतच साठवलेले यंत्र लागेल. शहरातील संग्रहालयात पाटीशेजारी क्यूआर कोड लावून प्रेक्षकाच्याच भ्रमणध्वनीवर उत्तर देणे सर्वांत कमी खर्चाचे ठरते. ज्यांच्याकडे साधा भ्रमणध्वनी आहे त्यांच्यासाठी बोलून उत्तर देणारा दूरध्वनी क्रमांक ठेवता येतो. शेतीच्या क्षेत्रात ही सवय रुजू लागली आहे. पंतप्रधान किसान योजनेसाठी २०२३ मध्ये ‘किसान ई-मित्र’ हा सहायक सुरू झाल्यापासून यंत्राला प्रश्न विचारणे शेतकऱ्याला परके राहिलेले नाही.

काय सांगावे आणि काय सांगू नये, याचेही नियम आधीच ठरवावे लागतील. मूर्ती कोठारात नेमकी कोठे आहे, रखवालदार केव्हा नसतो, असे प्रश्न यंत्राने नाकारले पाहिजेत. सातपुड्यात मध्य प्रदेशच्या सीमेलगत अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी २००७ पासून अनेक चित्रित शैलाश्रय शोधून काढले. अशा राखणीविना असलेल्या स्थळांची अचूक वाट सर्वांना सांगणे धोक्याचे आहे. संग्रहालयात मुले मोठ्या संख्येने येतात आणि त्यांचा आवाज हीदेखील वैयक्तिक माहितीच ठरू शकते. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. म्हणून प्रश्नाचा मजकूर ठेवावा, विचारणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि आवाज ठेवू नये, हे धोरण उत्तम.

वाटाड्यांचे काय?

यंत्र आले की माणसाचे काम जाईल, ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु वऱ्हाडातील पुष्कळशा स्थळी आज मार्गदर्शकच नाही. तेथे जाणार काय? जेथे आहे, तेथे नित्याच्या चौकशा यंत्राकडे देऊन माणसाला गटासोबत फिरण्यास, शाळांत जाण्यास मोकळे करणे शक्य आहे. ब्रुकलिनच्या अनुभवाने दाखवले ते हेच, की उत्तराची गोडी जाणकार माणसात असते. गडावरचा गुराखी, दर्ग्याचा मुजावर, मठातील महंत, जिनिंग कारखान्यातील निवृत्त फिटर यांच्याजवळ जी माहिती आहे ती कोणत्याही यंत्रात आपोआप उतरणार नाही. त्यांना माहितीदार म्हणून नोंदवावे, त्यांचे नाव उत्तरासोबत यावे आणि त्यांना मानधनही मिळावे.

प्रारंभ कसा करावा?

पाच पायऱ्यांची आखणी एखाद्या लहान संस्थेलाही झेपण्याजोगी आहे.

१) प्रथम पन्नास वस्तू निवडाव्यात आणि त्यांच्या नोंदी जाणकारांकडून तपासून घ्याव्यात.

२) दालनात एक वही ठेवून तीन महिने प्रेक्षकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत, वऱ्हाडी असल्यास वऱ्हाडीत, उतरवून घ्यावेत.

३) त्या प्रश्नांची उत्तरे माणसांनी लिहावीत, प्रत्येक उत्तरासमोर आधार नोंदवावा.

४) मग यंत्र बसवावे आणि त्याला या उत्तरांबाहेर जाण्यास मनाई करावी.

५) दर महिन्याला अनुत्तरित प्रश्न काढून त्यांवर काम करावे आणि चूक आढळल्यास ती दालनात फलकावर जाहीर करावी.

या पाचांपैकी पहिल्या तीन पायऱ्यांना यंत्र लागतच नाही. शाळा, महाविद्यालयांचे इतिहास विभाग आणि गावोगावचे हौशी संग्राहक त्या आजपासून चढू शकतात. पुढे यंत्र घेता आले नाही, तरी केलेले काम वाया जाणार नाही. तपासलेली नोंद आणि लिहून ठेवलेले उत्तर संग्रहालयाच्या कायमच उपयोगी पडते. उलट घाई आहे ती याच कामाची. यंत्रे दरवर्षी अधिक चांगली आणि स्वस्त होत जातील, त्यांच्यासाठी थांबता येईल. तिफणीच्या प्रत्येक भागाचे नाव सांगू शकणारी आणि गावच्या शिळेची गोष्ट आजोबांकडून ऐकलेली पिढी मात्र थांबणार नाही.